साडूभाऊंचा फिल्टर

आमच्या थोरल्या साडूंइतकं पाण्याविषयी बोललेला माणूस सुरत शहरात आजवर झालेला नाही, आणि यापुढे होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. हे मी कौतुकाने लिहितो आहे असा कुणाचा समज होईल, म्हणून आधीच सांगतो, मी रागाने लिहितो आहे. राग हा तसा माझा प्रांत नव्हे. बसमध्ये कुणी माझ्या पायावर पाय दिला तर 'सॉरी' मीच म्हणतो. शेजाऱ्यांच्या घरात कपबशी फुटल्याचा आवाज आला तरी क्षणभर मला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं असणार. बँकेत माझ्या टेबलासमोर भांडायला आलेले खातेदार माझा चेहरा बघून उलट माझीच समजूत घालून परत जात. अशा माणसाला राग यायला वेळ लागतो, आणि तो बोलून दाखवायला तर अर्धं आयुष्य लागतं. माझं तेवढं आता झालेलं आहे, तेव्हा बोलतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे पारोळ्याकडचे, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेले, आणि पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये नोकरीला. साड्या रंगवायच्या आधी पाण्यात खार किती आहे ते तपासावं लागतं. ते काम यांच्याकडे. मिलमध्ये करत ते ठीकच होतं, पण हा गृहस्थ संध्याकाळी मिलच्या फाटकाबाहेर पडला तरी लॅबमध्येच असायचा. कुणाकडे गेले की आधी पाणी मागायचे. ग्लास उजेडाकडे धरायचे. एक घोट तोंडात घोळवायचे, डोळे मिटायचे, आणि घरची बाई पदर सावरून निकालाची वाट बघत उभी! "टाकी धुतलेली नाही," असा निकाल लागला की त्या घरात त्या रात्री नवराबायकोचं भांडण ठरलेलं. खिशात इतर लोक पेन ठेवतात तिथे यांची काचेची छोटी बाटली. वाटेत कुठे पाणी दिसलं की लूना थांबवून नमुना घ्यायचा. एकदा नवागाममधल्या एका लग्नात पंगत बसलेली, वाढपी मठ्ठा घेऊन निघालेले, आणि यांनी उठून जाहीर केलं की मठ्ठ्यात घातलेलं पाणी बोअरचं आहे. वरपक्षाच्या म्हाताऱ्यांनी हातातले पेले खाली ठेवले. वधूपिता रडकुंडीला आला. मी, ज्याचा त्या मठ्ठ्याशी काडीचा संबंध नव्हता, वधूपित्याची माफी मागितली. साडूभाऊ मात्र शांतपणे मठ्ठा पीत होते. "बोअरचं आहे म्हटलं, वाईट आहे असं कुठे म्हटलं?" हे यांचं उत्तर.

आता सासूबाईंविषयी सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यांच्यापासून सुरू होतं. सासरे वारले. सासूबाईंना मुलगा नव्हता. दोनच मुली, दोघी सुरतेत. थोरलीकडे नवागामला दोन खोल्या, त्यात चार मुलं आणि साडूभाऊंची स्वतःची आई. म्हणून सासूबाई अडाजणला आमच्या फ्लॅटमध्ये आल्या. आल्या खऱ्या, पण टेकल्या नाहीत. त्यांच्या पिढीत लेकीच्या घरी पाहुणी म्हणूनसुद्धा आई फार दिवस राहत नसे. लेकीच्या घरचं अन्न म्हणजे जावयाचं अन्न, आणि ते फुकट खाणं म्हणजे मरण. मग त्या ते फेडायला लागल्या. मोलकरणीने घासलेली भांडी पुन्हा घासत. सोसायटीचा जिना झाडत. शेवटी मोलकरीण म्हणाली, "माजीच बधुं करे छे, तो मने शुं काम राखो छो?" माजीच सगळं करतात तर मी कशाला, म्हणून काम सोडून गेली. ही संतापली, आईला म्हणाली, "तू गुपचूप बस बरं एका जागी!" दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सासूबाईंनी नऊवारीचं बोचकं बांधून दाराशी ठेवलेलं. अमळनेरजवळच्या खेड्यातल्या त्यांच्या घराला कुलूप होतं, शेजारी कुणी उरलं नव्हतं, डोळ्यांना कमी दिसत होतं. तिथे एकटं राहणं म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. त्यांचं मात्र एकच पालुपद: "आठे मनं काय काम शे?" इथे माझं काय काम आहे?

त्याच रविवारी साडूभाऊ माशांची काचेची पेटी घेऊन आले. रिक्षात मांडीवर घेऊन, वरून टॉवेल पांघरून, जणू आतमध्ये बाळ आहे. बरोबर प्लास्टिकच्या पिशवीत चार सोनमासे. पेटी बैठकीत टेबलावर ठेवली आणि सासूबाईंना म्हणाले, "मामी, हे दोघं नोकरीवाले. यांना वेळ नाही. जनावर आहे, तुम्हालाच बघावं लागेल." सासूबाईंनी काचेला नाक लावून पाहिलं. जाड्या माशाचं तोंड सारखं उघडमीट करत होतं. "हाऊ ते सरपंच दिखस," त्या म्हणाल्या, आणि सरपंचाला काय खायला घालायचं ते विचारलं. संध्याकाळी बोचकं सुटलेलं होतं.

इथपर्यंत मी साडूभाऊंचा ऋणी आहे. माझा राग इथून पुढे. मासे आले म्हणजे पाणी साफ ठेवायला फिल्टर हवा. साधी गोष्ट. दुकानात जावं, फिल्टर घ्यावा. पण साडूभाऊ म्हणाले, "फिल्टर असा उचलून आणायचा नसतो. निवडावा लागतो." आणि मग माझे रविवार गेले. भागळच्या एका गल्लीत माशांचं दुकान होतं. तिथे स्टुलावर बसून हे दुकानदाराची उलटतपासणी घेत, आणि मी बाजूला उभा राहून, चेहऱ्यावर दिलगिरी घेऊन. दुकानदाराने वाळूखाली घालायची जाळीची तबकडी दाखवली. सगळा कचरा खाली ओढून घेते म्हणाला. साडूभाऊ म्हणाले, "म्हणजे केर गादीखाली लोटायचा आणि वर चादर घालायची!" स्पंजचा दाखवला. "याने आमच्याकडे भांडी घासतात." मग त्याने काउंटरखालून बाहेरच्या देशातून आलेला पॉवर फिल्टर काढला. काळा, देखणा, आत मोटर. पेटीत अडकवा, बटण दाबा, महिनोन्‌महिने बघू नका. माझे डोळे लकाकले. साडूभाऊंनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, मोटरवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "याच्या धारेने मासा पोहणार नाही, फेकला जाईल. आणि लाइट गेली की?" लाइट गेली की कुठलाही फिल्टर बंदच पडतो, हे मला दिसत होतं. मी दुकानदाराकडे बघून दिलगिरीने हसलो. दुकानदाराचा मात्र संयम संपला. "काका, तमारे माछली पाळवी छे के मिल नाखवी छे?" मासे पाळायचे की मिल टाकायची, हे त्याचं विचारणं रास्तच होतं. साडूभाऊंनी कोपऱ्यातल्या धुळीने भरलेल्या प्लास्टिकच्या डबीकडे बोट दाखवलं. डबीत कापूस आणि कोळसा भरायचा, हवेचा पंप लावायचा, बुडबुडे यायचे, बस. "आ तो रहेवा दो," दुकानदार म्हणाला, "आमां तो रोज रू धोवुं पडे." रोज कापूस धुवावा लागतो. "रोज?" साडूभाऊंनी विचारलं. "रोज." "मग हाच द्या."

मी तेव्हाच मनात ठरवलं की हा माणूस एकतर चिक्कू आहे किंवा वेडा. घरी येऊन हिला म्हटलं, तर ही म्हणाली, "दाजी केमिस्ट्रीवाले आहेत. त्यांनी विचार केला असेल काहीतरी." त्यांनी केलेल्या विचाराचा पुरावा पुढच्या आठवड्यात मिळाला. दुकानातला कापूस यांना पसंत नव्हता. मिलमधून जॉर्जेटच्या साडीचे तुकडे आणले आणि डबीत कोंबले. "बारीक वीण आहे, कणसुद्धा सुटणार नाही. आणि रंग? आमच्या मिलचा रंग आहे, साडी फाटेल पण रंग उतरणार नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बैठकीत आलो तर पेटीत गुलाबी सरबत आणि त्यात चार मासे वाट शोधत फिरताहेत. मी फोन केला. लूनावरून धावत आले. मला वाटलं, आता माशांना वाचवतील. त्यांनी खिशातली बाटली काढली, गुलाबी पाणी भरून घेतलं, आणि डाइंग मास्तरला दाखवायला तडक मिलला गेले! जाताना जिन्यातून ओरडले, "पक्क्या रंगाच्या नावाखाली काय चाललंय, आज बघतोच!" मासे सासूबाईंनी आणि मी कळशीत काढले. मास्तर आणि साडूभाऊ पुढे कित्येक महिने एकमेकांशी बोलत नव्हते म्हणे. मास्तरची बाजू मला पटते.

पण त्या डबीने सासूबाईंना मात्र जागेवर बसवलं, हे मान्य करायला हवं. सकाळी उठून अंघोळ, देवाला फूल, आणि मग कापूस. साडूभाऊंनी शिकवल्याप्रमाणे संध्याकाळीच नळाचं पाणी कळशांत भरून उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातलं औषध उडून जातं. पेटीतलं थोडं पाणी काढून त्यातच कापूस पिळायचा. नवं पाणी तांब्या-तांब्याने घालायचं. दोन तास जात. समोरच्या ब्लॉकमधली गुजरातण विचारायची, "माजी, शुं धुओ छो?" सासूबाई अहिराणीत तिला सरपंचाची तब्येत सांगायच्या. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नसे. गप्पा मात्र दुपारपर्यंत चालत. जेवायला बसताना त्या आता पाटावर पूर्ण बसत. आधी अर्ध्या बसत, उठायच्या तयारीत.

आणि मग प्लेगच्या साथीनंतरचे दिवस आले. त्या साथीत सुरत कशी रिकामी झाली आणि परतल्यावर शहराला धुण्याचं कसं वेड लागलं, ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच कळेल. गल्लोगल्ली पांढरी पावडर, गटारात पावडर, उंबऱ्यावर पावडर. साडूभाऊंना तर हे आपल्याच मताचं राज्य आल्यासारखं वाटलं. एका रविवारी आम्ही सगळे बाजारात गेलेलो. समोरच्या गुजरातणीकडून किल्ली घेऊन हे आत आले, डबीतला हिरवट, बुळबुळीत कापूस पाहिला, आणि ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात डबी, कोळसा, कापूस, सगळं उकडून काढल्यासारखं स्वच्छ करून ठेवलं. त्या बुळबुळीतच माशांचा जीव असतो, घाण खाणारी ती बुळबुळच पाणी राखते, हे आम्हाला पुढे दुकानदाराने सांगितलं. दोन दिवसांत तीन मासे पालथे झाले. सरपंच मलूल दिसतो म्हणून सासूबाईंनी त्याला वेगळं कळशीत ठेवलं होतं, तेवढा तो वाचला. सासूबाईंनी ते तिन्ही ओंजळीत घेऊन बाहेर नेले. बोचकं दाराशी आलं. "मना हातले यश नही," एवढंच. मी साडूभाऊंना फोन केला, आणि खूप संतापून म्हणालो, "जमलं तर येऊन जाल का?" ते लूनाच्या हँडलला पाण्याने भरलेली पिशवी लटकवून आले. आत तीन नवे मासे. दारातूनच म्हणाले, "मामी, चूक माझी. पण ही पोरं नवी आहेत, बुजलीत. सरपंचाशी ओळख कोण करून देणार?" बोचकं आत गेलं.

माझं मात्र ठरलं. एका म्हाताऱ्या बाईचं इथे राहणं या माणसाच्या प्रयोगांवर टांगून ठेवायचं नाही. मासे मेले तर त्या जाणार. तेव्हा मासे मरता कामा नयेत. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणालाही न विचारता एक गोष्ट केली. भागळला गेलो आणि काळा पॉवर फिल्टर घेऊन आलो. लावला. बटण दाबलं. संध्याकाळपर्यंत पाणी असं झालं, की पेटीत पाणी आहे हे कळायला मासा हलावा लागे. पंपाची घरघर नाही, बुडबुडे नाहीत. माझी छाती फुगली. सासूबाईंना म्हटलं, "मामी, आता तुम्हाला काही करायला नको. आराम करा." त्या म्हणाल्या, "हाई ते भारी व्हयनं, जवाईबापू." आणि पेटीसमोर खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून बसल्या.

मासे मरेनात. सरपंच तळहाताएवढा झाला. सासूबाईंनी दोन-तीनदा कळशा भरल्या, मग भरायच्या सोडल्या. पुढे अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आमच्या खानदेशात अखाजीला लेकी माहेरी जातात. त्या म्हणाल्या, "लेकी येतीन ते घर उघडं पाहिजे." आम्हाला वाटलं, आठ दिवसांसाठी जाताहेत. दोघी बहिणी गेल्या, झोके घेऊन, सांजोऱ्या खाऊन परत आल्या. सासूबाई आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात येते म्हणाल्या. मग पुढच्या. मग गावातल्या किराणा दुकानाच्या फोनवर यायचंही त्यांनी टाळलं. दुकानदाराने सांगितलं, म्हातारी पडली होती, विहिरीवर. फार नाही लागलं.

त्या रविवारी साडूभाऊ आले. पाणी मागितलं नाही. पेटीकडे पाहिलं, खुर्चीवर बसले. त्या पाणी न मागण्याने माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "आता काय खोट काढायची आहे पाण्यात? काढा की!" माझा आवाज ऐकून ही स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"पाणी झकास आहे," साडूभाऊ म्हणाले. "मशीनमध्येही खोट नाही. मी दुकानातच ओळखलं होतं, एक नंबर माल आहे."

"मग घेऊ का दिला नाही?"

"अहो, मशीनने सगळं केल्यावर मामी काय करणार? रिकाम्या हाताने जावयाच्या घरी बसणारी बाई आहे का ती?"

"हे तुम्ही मला आधी का सांगितलं नाही?"

त्यांनी माझ्याकडे खऱ्याखुऱ्या आश्चर्याने पाहिलं. "सांगायचं काय त्यात? मला वाटलं, तुम्हाला ठाऊकच असेल. तुमच्या घरात राहत होत्या त्या."

राग येतो, अजून येतो! पाण्यात मीठ विरघळतं हे मला या माणसाने सांगितलेलं आहे. वाफ वर जाते हे सांगितलेलं आहे. तापी समुद्राला मिळते, हे तर डुमसच्या किनाऱ्यावर उभं करून, हात करून दाखवलेलं आहे. मला ठाऊक असलेली जगातली प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या माणसाने, मला ठाऊक नसलेली एकच गोष्ट तेवढी गिळून ठेवली! आणि बायको माझी, सासू माझ्या घरात, पाटावर अर्धी बसायची ते माझ्यासमोर. मग तो राग फिरून कुठे येतो ते सांगायला नको.

साडूभाऊ उठले, पॉवर फिल्टर काढून त्यांनी पुसून मला दिला. डबी पुन्हा लागली. मग रजा टाकून गावी जाऊन आले. काय बोलले ते मला माहीत नाही. पण पुढच्या मंगळवारी भुसावळकडून येणाऱ्या पॅसेंजरला आम्ही दोघे साडू सुरत स्टेशनवर उभे होतो. गाडी थांबली. सासूबाई बोचकं घेऊन दारात आल्या, एक पाय आखडत. खाली उतरायच्या आधीच, बाकीचे उतारू मागे खोळंबलेले असताना, त्यांनी थोरल्या जावयाला विचारलं, "पानी कितलं बिघडनं?"

पाण्याविषयीचा प्रश्न. साडूभाऊंना. मला वाटलं, आता खार, क्षार, गाळ, बोअर, सगळं व्हायचं आणि गाडी तिथेच उभी राहायची. साडूभाऊंनी हात पुढे केला, मामींना सावकाश खाली उतरवून घेतलं.

"मामी, मला त्यातलं काही समजत नाही," ते म्हणाले. "तुम्हीच बघा."

सासूबाईंनी मान हलवली, एखाद्या अडाण्याला माफ करावं तशी, आणि पदर खोचून पुढे चालू लागल्या. त्यांच्या मागे बोचकं घेऊन साडूभाऊ. त्यांच्या मागे मी. साडूभाऊ त्यानंतरही कित्येक वर्षं रविवारी येत राहिले, आणि दर रविवारी माझ्या घरचं पाणी नापास करत राहिले. मामींच्या पेटीतल्या पाण्याला मात्र त्यांनी पुन्हा कधी नाव ठेवलं नाही. आता त्या नाहीत. साडूभाऊ निवृत्त होऊन पारोळ्याला असतात, फोनवर कमी ऐकू येतं. मागे एकदा धीर करून मी त्यांना त्या स्टेशनवरच्या उत्तराविषयी विचारलं. पलीकडून म्हणाले, "तिकडे पाऊस कसा आहे?"